रात्रीची नाकाबंदी, पाचशेचे चलान आणि संविधानाचा रस्ता

आपल्या तरुणांचा पोलिसांशी पहिला संबंध बहुतेक वेळा येतो तो चौकातल्या नाकाबंदीवर. दुसरी पाळी संपवून एमआयडीसीतून निघालेला कामगार, अभ्यासिकेतून उशिरा परतणारा एमपीएससीचा विद्यार्थी, जयंतीची बैठक आटोपून घरी जाणारा कार्यकर्ता, रात्री जेवणाची पार्सले पोहोचवणारा मुलगा, हे सगळे रात्री उशिरा दुचाकीवर असतात. गाडी बाजूला घ्यायला सांगितली जाते, कागद तपासले जातात आणि मोबाईलवर चलानाचा संदेश येतो. कधी चूक झालेली असते, कधी नसते. चूक नसताना चलान आले तर काय करायचे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

यावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया दिसतात. काही जण तिथल्या तिथे हुज्जत घालतात, आवाज चढतो, मोबाईल बाहेर निघतात. बाकीचे "कुठे नादी लागता, पाचशेच तर आहेत" म्हणत गप्प पैसे भरतात. आमच्या मते दोन्हींत तोटा आपलाच आहे. पहिल्यात पाचशे रुपयांचे प्रकरण फौजदारी गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते. दुसऱ्यात आपण न केलेली चूक स्वतःच कबूल करून मोकळे होतो. तिसरा रस्ता कागदाचा आहे. तो संथ आणि कंटाळवाणा आहे, पण आपल्या हातात आहे.

यंत्रणा बदलली, तक्रारीही बदलल्या

मुंबईत २०१६ पासून आणि पुढे राज्यभर कागदी पावतीची जागा ई-चलानाने घेतली. हवालदाराच्या हातातील यंत्राने किंवा चौकातील कॅमेऱ्याने फोटो निघतो, गाडीच्या नंबरावर चलान चढते आणि मालकाच्या मोबाईलवर संदेश जातो. चिरीमिरीला आळा बसावा, हा त्यामागचा एक हेतू होता. पण नव्या पद्धतीतून नव्या तक्रारी आल्या. फोटो अस्पष्ट, नंबर दुसऱ्याच गाडीचा, ठिकाण चुकीचे, महिनोन्महिने संदेशच नाही आणि मग एकदम पाच-सहा चलाने. २०२५ च्या जुलैमध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या विरोधात राज्यात चक्काजाम पुकारला. त्याच सुमारास राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने परिपत्रक काढून, कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलान करू नये, अशी ताकीद दिली. म्हणजे चलान चुकू शकते, हे खुद्द विभागालाही मान्य आहे.

मालवाहतूकदारांकडे संघटना आहे, वकील आहेत, गाड्या थांबवण्याची ताकद आहे. रात्रपाळी करणाऱ्या एकट्या मुलाकडे यातले काहीच नसते. म्हणून त्याने कायद्याची चार कलमे तरी ओळखीची करून ठेवली पाहिजेत.

आधी आपली बाजू स्वच्छ

हक्कांची भाषा करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा ५० हजारांच्या घरात आहे. आपल्या वस्त्यांतले किती तरुण असे गेले, हे प्रत्येक विहारातल्या माणसाला ठाऊक आहे. हेल्मेट नसताना झालेले चलान हा अन्याय नव्हे.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू तर घेताच येत नाही. रोज पंचशील म्हणायचे, पाचवे शील तोंडाने उच्चारायचे आणि रात्री नाकाबंदीवर पकडले गेल्यावर 'समाजावर अन्याय' म्हणायचे, हे चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे प्रकरण रस्त्यावर तडजोडीने मिटत नाही, न्यायालयातच जाते.

नंबरप्लेटचेही तसेच. पाटीवर नोंदणी क्रमांकाशिवाय दुसरे काहीही लिहिणे नियमात बसत नाही, मग ते 'दादा' असो, गावाचे नाव असो की 'जय भीम'. आकडे वळवून नाव तयार करणेही बसत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. मात्र टाकीवर किंवा मडगार्डवर 'जय भीम' लिहिलेले असणे हा नंबरप्लेटच्या नियमाचा भंग नाही. तो फरक आपल्याला नीट माहीत असला, तर चलान कोणत्या गोष्टीसाठी झाले हे शांतपणे विचारता येते.

चौकात काय करायचे

गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवणे हे कलम १३० नुसार चालकाचे कर्तव्य आहे. त्यावर वाद घालू नका. कायदेशीर सूचना न पाळणे किंवा माहिती नाकारणे यासाठी कलम १७९ खाली दोन हजारांपर्यंत वेगळा दंड आहे. कागद जवळ नसतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील लायसन्स आणि आरसी दाखवा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्येच राज्यांना कळवले आहे की ते मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत. पाकिटातल्या फोटोकॉपीला किंवा गॅलरीतल्या स्क्रीनशॉटला मात्र तो दर्जा नाही.

गाडीची किल्ली काढून घेण्याचा अधिकार देणारे कलम मोटार वाहन कायद्यात नाही. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे, पण तो लायसन्स, नोंदणी, परवाना नसणे अशा ठराविक कारणांसाठी आहे. लायसन्स जप्त केले तर पोचपावती मागा, कलम २०६ मध्ये ती देण्याची तरतूद आहे. पावतीशिवाय एक रुपयाही रोख देऊ नका. रोख देऊन सुटणारा तरुण पुढच्या दहा जणांसाठी तोच दर ठरवून जातो.

श्वासाची चाचणी मागितली तर द्या. नकार दिल्यास विनावॉरंट अटक होऊ शकते. कलम १८५ खाली अटक झालीच, तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. तशी ती झाली नाही तर सोडून द्यावे लागते, असे कलम २०२ सांगते. मुलींनी हे लक्षात ठेवावे की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला अटक करता येत नाही. करायचीच असेल तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते.

व्हिडिओबद्दल खूप गैरसमज आहेत. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्याखाली 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, त्यामुळे तिथले चित्रीकरण हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे. पण पुरावा म्हणून चित्रीकरण करणे आणि रील बनवण्यासाठी कॅमेरा तोंडासमोर धरणे यांत फरक आहे. धक्काबुक्की झाली किंवा तसा आरोप जरी झाला, तरी भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ लागू शकते. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर, असा तो गुन्हा आहे. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या किंवा सरकारी नोकरीची वाट पाहणाऱ्या मुलाच्या चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा किती वर्षे आडवा येतो, ते आपण वस्तीवस्तीत पाहिले आहे. पाचशे रुपयांसाठी ही किंमत कुणीही मोजू नये.

म्हणून चौकात तीनच गोष्टी करा. कलम विचारा, वेळ आणि ठिकाण टिपून घ्या, अधिकाऱ्याच्या छातीवरच्या पट्टीवरील नाव लक्षात ठेवा. "साहेब, चलान करा, मी नंतर म्हणणे मांडतो" एवढे बोलून निघा. ठाण्यात नेले तर घरच्यांना कळवा. ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही असावेत आणि चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. ते चित्रीकरण लगेच लेखी अर्ज करून मागा.

चलानाला आव्हान कसे द्यायचे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी. पैसे भरणे म्हणजे कलम २०० नुसार तडजोड करणे. एकदा भरले की प्रकरण संपते आणि भांडायला काही उरत नाही. म्हणून चलान चुकीचे वाटत असेल तर आधी भरून मग तक्रार करू नका.

पहिला टप्पा तक्रारीचा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर आणि ॲपवर चलान क्रमांक टाकला की फोटो, वेळ, ठिकाण आणि कलम दिसते. ते नीट वाचा. फोटोत गाडी तुमचीच आहे का? हेल्मेट दिसते आहे का? त्या वेळी तुम्ही कामावर असाल तर हजेरीची नोंद आहे का? तक्रारीत चार ओळी लिहा, पण त्या मुद्द्याच्या लिहा. सोबत पुरावा जोडा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. मुदतीचे नियम बदलत असतात, त्यामुळे चलानावर छापलेली मुदत हीच आपली मुदत समजा.

कॅमेऱ्याने झालेले चलान असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ अ पाहा. २०२१ च्या या नियमानुसार नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते, उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र असावे लागते आणि चलान निकाली निघेपर्यंत चित्रण जपून ठेवावे लागते. यातली एखादी गोष्ट झालेली नसेल तर तो तुमच्या तक्रारीचा मुद्दा आहे.

दुसरा टप्पा न्यायालयाचा. तक्रार फेटाळली गेली आणि चलान आभासी न्यायालयात गेले, तर तिथे दोन पर्याय असतात, दंड भरणे किंवा आव्हान देणे. आव्हान दिले की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते आणि मग गुन्हा झाला हे दाखवण्याची जबाबदारी पोलिसांवर येते. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ सांगते. जुन्या चलानांची यादी दाखवून कुणी एकरकमी पैसे मागत असेल, तर त्यांतली किती न्यायालयात गेली होती, हे आधी विचारा.

लोकअदालतीबद्दलही सावध असावे. तिथे थकीत चलाने कमी रकमेत मिटतात आणि खरोखर चूक झाली असेल तर ती सोय चांगली आहे. पण लोकअदालत हा समझोता आहे. तिथे 'मी निर्दोष आहे' हे ठरत नाही आणि तिच्या निवाड्यावर अपीलही नाही. ज्याला चूक मान्य नाही, त्याने सवलतीच्या मोहात तिथे सही करू नये.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. तारखेला गेले की एक खाडा पडतो आणि वकिलाची फी दंडाहून जास्त होते. नेमके इथेच आपल्याला माहीत नसलेला एक हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच स्त्रियांना, उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा लागू झाला आहे. जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत अर्ज करायचा, १५१०० ही मदतवाहिनी आहे. ज्यांना शिष्यवृत्तीसाठी दाखला लागतो हे माहीत आहे, त्यांना वकिलासाठीही तोच चालतो हे माहीत नसते.

जात कुठे येते

प्रत्येक नाकाबंदी जातीय असते, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटल्याने खऱ्या प्रकरणांची धार जाते. पण चलानात जातीचा रकाना नसला तरी लायसन्सवर आडनाव असते, पत्त्यात वस्तीचे नाव असते आणि गाडीवर निळा झेंडा असतो. २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के होते. तुरुंगातील कच्च्या कैद्यांमध्ये मात्र ते एनसीआरबीच्या अहवालांत एक पंचमांशाच्या आसपास दिसते. ज्यांना वकील परवडत नाही आणि जामीनदार मिळत नाही, ते आत जास्त काळ राहतात. या साखळीची पहिली कडी अनेकदा रस्त्यावरची छोटी अडवणूक असते.

जातीवाचक शिवीगाळ झाली तर ते चलानाचे प्रकरण राहत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) तिथे लागू होते. अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा आणि करणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसावा, या त्याच्या अटी आहेत. म्हणून सोबतचा मित्र, टपरीवाला, मागचा दुचाकीस्वार अशा साक्षीदारांची नावे तेव्हाच घ्या. चलानाची तक्रार आणि ही तक्रार वेगवेगळ्या कागदांवर करा. पहिलीत राग ओतला तर दुसरी कमजोर होते. पोलीस ठाणे दाद देत नसेल तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग हे पुढचे दरवाजे आहेत.

आणि नियम मोडणारा पोलीसच असेल तर? २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम २१० ब सांगते की कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड. हे कलम चौकात ऐकवण्यासाठी वापरू नका, लेखी तक्रारीत वापरा.

कबुली किंवा समोरासमोर सुनावणी

भिक्खू संघातील वाद मिटवण्याच्या ज्या सात रीती विनयात सांगितल्या आहेत, त्यांतल्या दोन इथे आठवाव्यात. एक 'पटिञ्ञातकरण', म्हणजे केलेल्या चुकीची स्वतःहून कबुली. दुसरी 'सम्मुखाविनय', म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या समक्ष निवाडा. माणसाचे ऐकून न घेता, त्याच्या पाठीमागे शिक्षा ठोठावणे संघात मान्य नव्हते. चलानाचेही असेच असावे. चुकलो तर आनंदाने भरू. चुकलो नसू तर आमच्या समोर, पुरावा दाखवून ठरवा.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध संघांना सभाकामकाजाचे नियम ठाऊक होते याची आठवण करून दिली होती. त्याच भाषणात त्यांनी संवैधानिक मार्ग उपलब्ध असताना इतर मार्ग सोडून द्यावेत, असे बजावले होते. आपण ते भाषण दरवर्षी संविधान दिनाला वाचतो. पण मार्ग उपलब्ध असणे आणि तो चालता येणे यांत अंतर असते. सामान्य माणसाच्या पायाखाली तो रस्ता यायचा असेल तर कुणीतरी सोबत चालावे लागते.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर एक तास कायद्याचा ठेवा. समाजातला एक वकील आणि संगणक चालवणारे दोन तरुण पुरेत. लोकांनी चलाने आणावीत. जे बरोबर असेल ते तिथेच भरायला लावायचे, जे चूक असेल त्याची तक्रार तिथेच नोंदवायची. एका वहीत तारीख, चौक, वेळ, कलम आणि निकाल लिहीत जायचे. वर्षभरात त्या वहीतून कळेल की कोणत्या चौकात, कोणत्या रात्री आणि कोणाची गाडी जास्त थांबते. आज आपल्याकडे अनुभव आहेत, पण नोंद नाही. नोंद नसली की प्रशासन त्याला अफवा म्हणते.

सोबत प्रत्येक जिल्ह्यातून माहिती अधिकाराचा एक अर्ज जाऊ द्या. गेल्या वर्षी चलानांविरुद्ध किती तक्रारी आल्या, किती मान्य झाल्या, किती कारण न देता फेटाळल्या? दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. उत्तर आले तर आकडे हाती येतील, नाही आले तर अपील करू.

पाचशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. पाचशे रुपयांसाठी जो तरुण अर्ज लिहायला, तारखेला उभे राहायला आणि न भिता न ओरडता आपले म्हणणे मांडायला शिकतो, तोच उद्या शिष्यवृत्ती अडली, वस्तीवर बुलडोझर आला किंवा भावाला रात्री उचलून नेले, तर काय करायचे हे जाणतो. ही सवय संकटाच्या रात्री एकाएकी येत नाही. येत्या रविवारी आपल्या विहारात वही उघडा.

जय भीम! नमो बुद्धाय!